सिमेंटच्या मोठ्या कुंड्या : साचा बांधणे आणि साचा सोडविणे

बागेत किंवा अंगणात ठेवावयाची सिमेंटची मोठी कुंडी ही वस्तू पाहावयास अगदी साधी. चार भिंती, एक तळ आणि पाणी निथळण्यासाठी तळाला एक छिद्र, एवढाच तिचा पसारा. तीत शिकण्यासारखे काय असावे, असा प्रश्न आपल्या व्यापारी बंधूंना पडणे स्वाभाविक आहे. परंतु औराद तालुक्यातील संतपूरसारख्या गावात ज्यांचा इमारतीच्या सामानाचा व्यवहार आहे, त्यांनी या वस्तूकडे थोडे बारकाईने पाहावे असे आम्हांस वाटते. सिमेंटच्या पोत्यावरील नफा सर्वांना ठाऊकच आहे. तोच माल कुंडीच्या रूपाने विकला गेला तर मजुरी गावात राहते आणि कसबाची किंमतही पदरी पडते. पण हा सारा नफा एकाच क्षणी हाती येतो किंवा हातचा जातो, आणि तो क्षण म्हणजे साचा सोडविण्याचा. दहा कुंड्यांपैकी एक जरी साच्यातून निघताना तडकली, तरी तिचा माल, मजुरी आणि साचा अडकून पडलेला दिवस यांचा भार उरलेल्या नऊंवर पडतो.

हा धंदा आपल्या भागास परका नाही. तुळशीवृंदावन म्हणजे तरी काय? ती देवघराच्या मानाची कुंडीच होय. कार्तिकातील तुळशीविवाहाच्या सुमारास महाराष्ट्रात आणि सीमाभागात रस्त्याच्या कडेला रंगविलेली सिमेंटची वृंदावने ओळीने मांडलेली दिसतात, ती सर्व साच्यात ओतलेलीच असतात. कच्च्या मालाचीही आपल्याकडे ददात नाही. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद, वाडी, सेडम, मळखेड हा चुनखडीचा पट्टा सिमेंटसाठी प्रसिद्ध आहे. हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता तेव्हाच शहाबादेस सिमेंटचा कारखाना उभा राहिला होता, आणि १९३६ साली ज्या कंपन्यांच्या एकत्रीकरणातून एसीसी निर्माण झाली, त्यांत शहाबादची कंपनी होती. काळ्या दगडाची खडी तर आपल्या माळरानांवरच निघते.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते मनोरंजक आहे. लोखंड घालून मजबूत केलेल्या काँक्रीटची आज जी विद्या झाली आहे, तिचा एक उगम बागेतील कुंडीतच आहे. फ्रान्समधील जोसेफ मोनिए नावाच्या माळ्याला नुसत्या सिमेंटच्या कुंड्या फुटतात याचा त्रास होत असे. त्याने सिमेंटच्या भिंतीत लोखंडी तारांची जाळी पुरली आणि १८६७ साली त्या युक्तीचे पेटंट घेतले. पुढे त्याच युक्तीवर नळ आणि टाक्या झाल्या, आणि १८७५ साली फ्रान्समध्येच शाझले येथे पूलही झाला. तेव्हा कुंडीला क्षुद्र समजण्याचे कारण नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. समजुतीसाठी आपण एक माप धरू : लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी ६० सेंटिमीटर, भिंतीची जाडी ५ सेंटिमीटर, तळाची जाडी ६ सेंटिमीटर. बाहेरील घनफळातून आतील पोकळी वजा केली असता सुमारे ०.०८१ घनमीटर माल लागतो आणि कुंडीचे वजन १९० ते २०० किलो भरते. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग बारीक खडी या प्रमाणात घनमीटरास सुमारे आठ पोती सिमेंट जाते. म्हणजे एका कुंडीस सुमारे ३२ किलो, अर्थात दोन पोत्यांत तीन कुंड्या. खडी १० ते १२ मिलिमीटरपेक्षा मोठी नसावी, नाहीतर ५ सेंटिमीटरच्या भिंतीत ती जाळीपाशी अडकते आणि खाली पोकळ्या राहतात. भिंतीच्या मध्यावर एकच जाळी घालावी, आणि काठालगत ६ मिलिमीटर सळीचे एक कडे द्यावे. कुंडी उचलताना प्रथम काठच मार खातो.

पाणी मात्र मोजून घालावे. ३२ किलो सिमेंटास १४ ते १६ लिटर पाणी पुरे होते, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातील पाणीही याच हिशेबात धरावयाचे. गवंडी मंडळींना माल पातळ असलेला आवडतो, कारण तो साच्यात आपोआप वाहतो. पण पातळ माल सुकताना अधिक आकसतो, उशिरा बळ धरतो आणि साच्याला अधिक चिकटून बसतो. माल जाडसर ठेवून सळीने ठासावा आणि साच्याच्या बाजूंवर लाकडी मोगरीने ठोकत जावे, म्हणजे अडकलेली हवा वर येते.

साचा बांधणाराने प्रथम हे ध्यानात घ्यावे की ओला माल पाण्याप्रमाणेच बाजूंवर दाब देतो, आणि तोही पाण्याच्या जवळजवळ अडीचपट. आपल्या मापाच्या साच्यात तळाशी हा दाब चौरस मीटरास सुमारे १४४० किलो होतो, आणि साच्याच्या एकेका फळीवर एकंदर २६० किलोंचा रेटा बसतो. दोन धडधाकट माणसे आतून फळीला पाय लावून ढकलीत आहेत असे समजावे, म्हणजे चार खिळ्यांवर का भागत नाही ते कळेल. फळ्यांच्या बाहेरून आडव्या पट्ट्या देऊन त्या बोल्टांनी आवळाव्यात. खिळे ठोकले तर साचा सोडविताना ते उपटावे लागतात, आणि त्या हादऱ्याने कोवळ्या कुंडीचे कोपरे जातात. कोपऱ्यांत आतून तिकोणी पट्टी बसविल्यास कुंडीची धार बोथट राहते आणि निघताना मोडत नाही.

ओतण्याच्या दोन रीती आहेत. कुंडी सुलटी ओतावयाची तर आतील गाभा वरून टांगावा लागतो; आणि तळाचा माल गाभ्याखाली शिरला की तो गाभा लाकडी होडीसारखा तरंगू पाहतो. आपल्या मापाच्या गाभ्यावर हा वरचा रेटा ३२० किलोंहून अधिक असतो. गाभा वर उचलला गेला आणि तळ जाड, भिंती वाकड्या झाल्या, असे प्रकार यामुळेच घडतात. दुसरी रीत उलटी ओतण्याची. गाभा खालच्या पाटावर घट्ट बसवावा, बाहेरचा साचा त्याभोवती उभा करावा आणि कुंडीचा तळ शेवटी वरून थापीने सारखा करावा. या रीतीने काठ पाटाच्या गुळगुळीत पृष्ठावर तयार होतो आणि सुबक येतो. आम्ही हीच रीत पसंत करतो. मात्र तिच्यातही एक मेख आहे. कुंडी तळाशी निमुळती असेल, तर उलट्या स्थितीत बाहेरचा साचा वर अरुंद होत जातो आणि ओला माल त्या कलत्या फळ्यांना वर उचलू लागतो. प्रत्येक बाजूस ५ सेंटिमीटर निमुळतेपणा असल्यास हा उचल सुमारे ८० किलोंचा होतो. साचा पाटाला बोल्टांनी जखडला नसेल तर खालच्या फटीतून सिमेंटचे पाणी वाहून जाते आणि नेमका काठच खडबडीत व कच्चा राहतो.

आता मुख्य प्रश्न : कुंडी साच्याला का धरून बसते? याची कारणे तीन आहेत, आणि त्यांचे उपाय निरनिराळे आहेत.

पहिले कारण चिकटण्याचे. सिमेंटची पेस्ट लाकडाच्या रंध्रांत आणि पत्र्याच्या ओरखड्यांत शिरते आणि तेथेच घट्ट होते. यासाठी साच्याला तेल लावावयाचे हे सर्वांना माहीत आहे. पण कोणते आणि किती, याविषयी बेफिकिरी फार. आपल्या बाजारात सर्रास मोटारीचे जळके तेल वापरले जाते. ते फुकटासारखे मिळते हाच त्याचा गुण. त्याने कुंडीवर काळे डाग पडतात, वर लावलेला रंग धरत नाही, आणि रोज त्यात हात घालणाऱ्या कामगाराच्या त्वचेस ते अपायकारक असते. ज्या कुंडीत उद्या तुळस किंवा कढीपत्ता लागणार, तिला हे तेल लावू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. जुन्या पाश्चात्त्य पद्धतीत यासाठी जनावरांची चरबी वापरीत. आपल्या बंधूंना तिचा व्यवहार चालणारा नाही, आणि सुदैवाने तिची गरजही नाही. वनस्पतीचे तेल हे काम उत्तम करते, आणि ते का करते हे समजून घेण्यासारखे आहे. ओल्या सिमेंटमध्ये चुना मोकळा होतो. तेलातील आम्लाशी त्याचा संयोग झाला की तेथल्या तेथे साबणाचा एक पातळ पापुद्रा तयार होतो. हा चुन्याचा साबण पाण्यात विरघळत नाही, आणि साचा व माल यांच्यामध्ये सरकता पडदा म्हणून राहतो. करडई, एरंडी, करंज यांपैकी जे तेल हाताशी असेल ते चालते. एरंडीचे फार दाट असल्याने थोडे पातळ करून घ्यावे. तेल फडक्याने लावून दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून काढावे. बोट फिरविले असता बोट ओशट व्हावे, पण ओघळ दिसू नये. कोपऱ्यात साचलेल्या तेलाखालील सिमेंट भुसभुशीत राहते आणि पृष्ठावर सुईच्या अग्राएवढी छिद्रे पडतात. जाळीला तेलाचा स्पर्श होता कामा नये, नाहीतर माल तिला धरणार नाही. म्हणून तेल आधी, जाळी नंतर.

लाकडी साचा नवा असेल तर त्याला आधी जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात देऊन ते पूर्ण वाळू द्यावेत. कोरडे लाकूड मालातील पाणी पिते आणि फुगते. बाहेरची फळी फुगली तर फारसे बिघडत नाही. आतील गाभा फुगला तर तो कुंडीला आतून फोडतो. अनेक कुंड्यांच्या कोपऱ्यांत उभी तडा दिसते, आणि तिचे खापर सिमेंटच्या माथी मारून ग्राहक दुकानदाराशी भांडतो. बहुधा दोष त्या लाकडी गाभ्याचा असतो.

दुसरे कारण आवळण्याचे. माल घट्ट होताना आणि सुकताना किंचित आकसतो. यामुळे बाहेरचा साचा आपोआप सुटा होऊ पाहतो, आणि आतला गाभा मात्र मुठीत धरल्यासारखा आवळला जातो. नवशिके नेमके उलटे करतात : बाहेरच्या फळ्या काढून आनंदित होतात आणि गाभा 'निवांत काढू' म्हणून दोन दिवस तसाच ठेवतात. गाभ्याला निमुळतेपणा हवा. ६० सेंटिमीटर खोलीस प्रत्येक बाजूने दोन ते तीन सेंटिमीटर असावा. याशिवाय गाभा एकसंध नसावा. तो चार-पाच तुकड्यांचा करून त्यांच्यामध्ये पाचरीसारखी एक पट्टी ठेवावी. ही पट्टी प्रथम ओढून काढली की बाकीचे तुकडे आतल्या आत ढिले होतात. कुलपात किल्ली असते तशी ही साच्याची किल्ली समजावी. तिला तेलाखेरीज मेणही चोळून ठेवावे.

तिसरे कारण पोकळीचे, आणि ते सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे. तेल उत्तम लावलेले असते, निमुळतेपणा योग्य असतो, तरीही गाभा हलत नाही. कारण तो ओढताना त्याच्या माथ्याशी हवा शिरावयास वाटच नसते. तोंडावर बोट ठेवलेल्या पिचकारीचा दट्ट्या ओढून पाहावा, म्हणजे हा अनुभव येईल. येथे कुंडीचे छिद्र मदतीस येते. गाभ्याच्या माथ्यावर मधोमध निमुळता खुंट उभा करून त्याभोवती तेलकट कागद गुंडाळावा. माल बसला, पण अजून कोवळा आहे, अशा वेळी हा खुंट पिळून अलगद काढून घ्यावा. पुढे गाभा सोडविताना याच छिद्रातून हवा आत जाते. गरज पडल्यास थोडे पाणी ओतावे किंवा सायकलच्या पंपाने वारा भरावा. पहारीने तिढा देण्याची वेळ मग येत नाही. पहार लावली की काठ गेलाच म्हणून समजावे.

बीदरच्या बिदरी कारागिरांकडे साच्याची दुसरीच परंपरा आहे, आणि तुलनेसाठी ती पाहण्यासारखी आहे. जस्त आणि तांब्याचा रस ओतण्यासाठी ते मातीत एरंडीचे तेल आणि राळ मिसळून साचा घडवितात, आणि वस्तू निघाली की तो साचा मोडून टाकतात. तेथे वस्तू एकेकटी आणि मूल्यवान, म्हणून प्रत्येकीस नवा साचा परवडतो. कुंडीच्या व्यापाराचे गणित याच्या नेमके उलट आहे. साचा महाग आणि कुंडी स्वस्त; साच्याची किंमत जितक्या कुंड्यांवर वाटली जाईल तितका नफा. लाकडी साचा वीस-पंचवीस ओतण्यांनंतर कोपरे सोडू लागतो. जाड पत्र्याचा, काळजी घेतल्यास, शेकडो ओतण्यांस पुरतो. वृंदावनावर कोनाडे, वेलबुट्टी वा कलशाचे नक्षीकाम हवे असेल तर ज्या नक्षीची कड आत वळते तेथे ताठ साचा अडकणारच. तेवढ्या भागापुरता सुटा तुकडा किंवा रबराचा साचा करावा.

वेळेविषयी थोडे. बाहेरच्या उभ्या फळ्या १६ ते २४ तासांत काढाव्यात, असे भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीचे सांगणे आहे. आपल्याकडील उन्हाळ्यात ऊन कलल्यावर सायंकाळी ओतावे. तापलेल्या पत्र्यात ओतलेल्या मालाचा पृष्ठभाग घट्ट होण्यापूर्वीच सुकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्लीची पट्टी काढून गाभा फक्त ढिला करावा, सायंकाळी फळ्या काढाव्यात, आणि निदान तीन दिवस कुंडी जागची हलवू नये. थंडीत याहून धीर धरावा. खिळ्याने ओरखडा ओढून पाहावा. माल भुकटीसारखा सुटत असेल तर अजून वेळ आहे. व्यापारी मनाला हे कठीण जाते, कारण एक साचा म्हणजे दिवसाला फार तर एक कुंडी, आणि मागणीच्या दिवसांत साचा लवकर मोकळा करण्याचा मोह होतो. त्या मोहावर उपाय एकच : साच्यांची संख्या वाढवावी, तास कमी करू नयेत.

दोनशे किलोंची कुंडी उलटविणे हे दोघा मजुरांच्या पाठीचे काम नव्हे. तिपाई आणि चेनपुली लावावी, खाली मोटारीचे जुने टायर अंथरावे, आणि पट्टा कुंडीच्या पोटाखालून घ्यावा. काठाला दोर बांधू नये. मजुरांच्या हातांत रबरी मोजे असावेत. ओल्या सिमेंटचा चुना त्वचा भाजतो, आणि ती इजा त्या वेळी दुखत नाही म्हणून लक्षात येत नाही.

यानंतर पाणी देणे. ओली गोणपाटे गुंडाळून साध्या सिमेंटास सात दिवस, मिश्र सिमेंटास दहा दिवस; आणि कोरड्या कडक उन्हाळ्यात अनुक्रमे दहा व चौदा. आज बाजारात बहुतेक पोती मिश्र सिमेंटचीच असतात, तेव्हा पोत्यावरील छाप वाचून दिवस ठरवावेत. औराद भागातील काळ्या जमिनीवर ताजी कुंडी थेट ठेवू नये. ती जमीन ओलीने फुगते, सुकून भेगाळते, आणि कुंडी एका कोपऱ्यावर तोलली जाऊन पिळवटते. वाळूचा सपाट थर करावा. विकण्यापूर्वी छिद्र बंद करून कुंडी आठवडाभर पाण्याने भरून ठेवावी आणि पाणी दोन-तीनदा बदलावे, म्हणजे मोकळा चुना निघून जातो आणि कोवळी मुळे जळत नाहीत.

राहता राहिली गिऱ्हाइकाशी करावयाची बोलणी. कुंडी कोठे ठेवणार, हे दुकानदाराने आपण होऊन विचारावे. आपल्या मापाच्या कुंडीत ओली माती भरली की तिचे एकंदर वजन चारशे किलोंच्या वर जाते, आणि ते केवळ ६० सेंटिमीटर चौरस जागेवर पडते. वावरण्याची गच्ची चौरस मीटरास १५० किलोंच्या भाराचा हिशेब धरून बांधण्याचा प्रघात आहे. अशा चार कुंड्या कोणी गच्चीच्या मधोमध मांडू म्हणेल तर विक्री गेली तरी चालेल, पण त्यास लहान कुंड्या घेण्यास सांगावे, किंवा आधी घर बांधणाऱ्या अभियंत्यास विचारून भिंतीच्या वा तुळईच्या रेषेवर ठेवण्यास सांगावे. अंगणात ठेवावयाची असेल तर कुंडीखाली चार विटा द्याव्यात, छिद्राच्या तोंडाशी खापराचा तुकडा पालथा घालावा, त्यावर दोन बोटे खडी, आणि मग माती.